आधी जामीन, मग जाहीरनामा: लखनौतली स्थलांतर आणि मानवी हक्कांची वकिली

लखनौच्या कैसरबागेत, जिल्हा न्यायालयाच्या आसपास, वकिलांच्या पाट्यांची दाटी आहे. फौजदारी, दिवाणी, महसूल, कौटुंबिक, न वटलेल्या चेकचे खटले, सगळं मिळेल. ‘इमिग्रेशन व मानवी हक्क’ अशी पाटी मात्र सहजी सापडायची नाही. इंग्लंडात या विषयांना वाहिलेली बॅरिस्टरांची अख्खी चेंबर्स असतात. आपल्याकडे तेच काम दुसऱ्या नावांनी चालतं: पासपोर्ट अडवल्याची रिट याचिका, नेपाळ सीमेवर पकडलेल्या परदेशी माणसाचा जामीन, आखातात अडकलेल्या मजुराच्या बायकोची फिर्याद, पोलिसांनी रात्री उचलून नेलेल्या पोराचा ठावठिकाणा. म्हणून कायदा शिकणारी मुलं ‘मला ह्यूमन राइट्समध्ये जायचंय’ म्हणतात, तेव्हा त्यांना माझं एकच सांगणं असतं. असं वेगळं खातं कोर्टात नाही. आधी फौजदारीचे आणि रिटचे पक्के वकील व्हा. मानवी हक्कांची प्रकरणं मग दाराशी येतातच, आणि आली की त्यात तुम्हाला काही करता येतं.

मराठी घरांत ‘बॅरिस्टर’ या पदवीचं वजन अजून ओसरलेलं नाही. बाबासाहेब आंबेडकर १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. बॅ. नाथ पै सर्वांना ठाऊक आहेत. सासवडला १९०९ मध्ये जन्मलेले विठ्ठल महादेव तारकुंडे हेही लंडनचे बॅरिस्टर. नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांचं नाव जयप्रकाश नारायणांच्या बरोबरीने घेतलं जातं. तरुणपणी मानवेंद्रनाथ रॉय यांच्या राजकारणात झोकून दिलेला हा माणूस आणीबाणीत स्थानबद्धांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात ठामपणे उभा राहिला, तो आधीच्या वकिलीच्या आणि मुंबई उच्च न्यायालयातल्या न्यायाधीशीच्या बळावर. तळमळ तर तेव्हा पुष्कळांकडे होती. कायद्याच्या कलमांवर सरकारी वकिलाला अडवण्याची ताकद थोड्यांकडे होती.

भारतात काम करायला लंडनची पदवी मुळीच लागत नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानंतर आपल्याकडे वकिलांचा एकच वर्ग उरला, ‘अ‍ॅडव्होकेट’. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, मग राज्य बार कौन्सिलची सनद, मग अखिल भारतीय बार परीक्षा, एवढीच वाट आहे. लखनौत डॉ. राम मनोहर लोहिया राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, तिथे ‘क्लॅट’मधून प्रवेश मिळतो. लखनौ विद्यापीठाचीही जुनी विधी शाखा आहे. महाराष्ट्रात राहून शिकायचं असेल तर राज्याची सीईटी द्या, पुण्याचं आयएलएस किंवा मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय घ्या, काही बिघडत नाही. कॉलेजच्या नावापेक्षा शेवटच्या दोन वर्षांत तुम्ही कुठल्या कोर्टात, कुणाच्या मागे उभे राहिलात, हे या कामात जास्त मोजलं जातं. एक गोष्ट मात्र पालकांनी लक्षात ठेवावी. सनदेसाठी बार कौन्सिलांनी हजारो रुपये उकळायचे दिवस संपले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं की कायद्यातल्या ७५० रुपयांपेक्षा (अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा) जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही.

महाराष्ट्राच्या सनदेवर लखनौत काम करता येतं का? येतं, पण एक मेख आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे त्या न्यायालयाच्या यादीत नाव नसलेल्या वकिलाला तिथल्या यादीतल्या वकिलाबरोबरच वकीलपत्र दाखल करावं लागतं. हा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये जमशेद अन्सारी प्रकरणात वैध ठरवला. तेव्हा पुण्याहून एखाद्या नातेवाइकाच्या प्रकरणासाठी धावत जाणार असाल, तर आधी स्थानिक वकील गाठा. भाषेची अडचण वाटते तेवढी नसते. जिल्हा न्यायालयात काम हिंदीत चालतं, आणि तिथली तहरीर, मुचलका, तामील, पेशकार ही शब्दसंपदा पेशवाईच्या दप्तराची सवय असलेल्या मराठी कानाला परकी नाही.

केशव सिंह प्रकरण मुळातून वाचा

या शाखेत येणाऱ्याला पहिलं पुस्तक कुठलं सांगावं, तर मी पुस्तक सांगत नाही. १९६४ चा विशेष संदर्भ क्रमांक १ वाचा म्हणतो. लखनौचं यापेक्षा मोठं देणं भारतीय वकिलीला नाही.

गोरखपूरचा केशव सिंह हा समाजवादी कार्यकर्ता. त्याने एका आमदाराविरुद्ध पत्रक काढलं, विधानसभेने हक्कभंग मानून त्याला समज दिली. मग त्याने अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रावरून सभागृह भडकलं आणि मार्च १९६४ मध्ये त्याला सात दिवसांच्या कैदेत धाडलं. १९ मार्चला त्याच्या वतीने अ‍ॅड. बी. सॉलोमन यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापुढे हेबियस कॉर्पस याचिका दाखल केली. दुपारी पुकारा झाला तेव्हा सरकारी वकील हजर नव्हता. न्या. नसीरुल्ला बेग आणि न्या. जी. डी. सहगल यांनी केशव सिंहाला अंतरिम जामिनावर सोडण्याचा आदेश दिला. पुढे काय व्हावं? विधानसभेने ठराव केला की केशव सिंह, त्याचा वकील आणि आदेश देणारे दोन्ही न्यायाधीश, चौघांनीही सभागृहाचा अवमान केला आहे, त्यांना पकडून आणा. न्यायाधीशांनाच स्वतःसाठी अलाहाबादला रिट करावी लागली. तिथे अठ्ठावीस न्यायाधीशांच्या पूर्णपीठाने ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. अखेर राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवलं.

इथून गोष्ट मराठी वाचकाच्या ओळखीच्या अंगणात येते. न्यायाधीशांच्या बाजूने मोतीलाल सेटलवाड, विधानसभेच्या बाजूने होर्मसजी सीरवाई, दोघेही मुंबईच्या बारचे. पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर, साताऱ्याचे. बहुमताने त्यांनी सांगितलं की विधिमंडळाचे विशेषाधिकार कितीही मोठे असोत, माणसाच्या स्वातंत्र्यासाठी आलेली याचिका ऐकण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार ते हिरावून घेऊ शकत नाहीत, आणि अशी याचिका दाखल करणारा वकील त्या कारणाने अवमान करत नाही.

यातून नवशिक्याने काय उचलावं? पहिलं म्हणजे वेळ. सात दिवसांच्या कैदेविरुद्धची याचिका आठव्या दिवशी निरुपयोगी होते. सॉलोमन यांनी ती संपायच्या आत दाखल केली, म्हणून पुढचा सगळा इतिहास घडला. दुसरं म्हणजे, या कामात वकील स्वतः अडचणीत येऊ शकतो, हे आधीच गृहीत धरा. कागद चोख असतील तर तो तरतो. तिसरी गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. केशव सिंहाची मूळ याचिका उच्च न्यायालयाने १९६५ मध्ये फेटाळली. ज्याच्यासाठी सगळं झालं तो माणूस हरला, आणि त्याच्या प्रकरणाने उघडा ठेवलेला दरवाजा मात्र पुढच्या सगळ्यांच्या उपयोगी पडला. या शाखेत निकालांची अशी विचित्र वाटणी पुन्हा पुन्हा पाहायला मिळते. ती सोसत नसेल तर कंपनी कायद्याकडे वळलेलं बरं, त्यात काही कमीपणा नाही.

स्थलांतराचं काम म्हणजे कागदांचं काम

लखनौ खंडपीठाच्या हद्दीत जुन्या अवधचे जिल्हे येतात. त्यातले लखीमपूर खीरी, बहराइच, श्रावस्ती आणि बलरामपूर नेपाळला लागून आहेत. भारतीय आणि नेपाळी नागरिकांना ही सीमा ओलांडायला व्हिसा लागत नाही. तिसऱ्या देशाचा नागरिक मात्र बहराइचच्या रुपईडीहा नाक्यावर व्हिसाशिवाय सापडला की थेट गुन्हा. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ लागू झाला आणि १९४६ चा परदेशी नागरिक कायदा, १९२० चा पासपोर्ट प्रवेश कायदा असे जुने चार कायदे रद्द झाले. वैध कागदांविना प्रवेशाला आता पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. जुन्या टिपणांवर विसंबून अर्ज लिहू नका. कलमांचे क्रमांक बदलले आहेत, आणि चुकीच्या कलमाचा अर्ज सरकारी वकिलाच्या पहिल्याच वाक्यात पडतो. ‘मी परदेशी नाही’ हे सिद्ध करण्याचा भार मात्र पूर्वीसारखाच त्या माणसावर आहे. फौजदारी कायद्याची नेहमीची सवय इथे उलटी करावी लागते.

अशा अशिलाकडे पहिल्या भेटीत तीन प्रश्न घेऊन जा: कुठल्या देशाचा, कुठून कधी आत आला, परत जायला भीती कशाची. तिसऱ्याचं उत्तर ‘मारून टाकतील’ असं आलं तर प्रकरण निर्वासिताचं होतं. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाचं ओळखपत्र हा व्हिसा नव्हे, हे अशिलाला स्पष्ट सांगा. पण संविधानाचं कलम १४ आणि २१ नागरिकांपुरतं नाही, ते प्रत्येक माणसाला आहे. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते बजावून सांगितलं. मे २०२१ मध्ये म्यानमारहून पळून आलेल्या लोकांना दिल्लीपर्यंत सुरक्षित जाऊ देण्याचा आदेश मणिपूर उच्च न्यायालयाने दिला, तो नंदिता हक्सर यांच्या याचिकेवर. उलट रोहिंग्यांच्या प्रकरणात एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत पाठवणी थांबवायला नकार दिला. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. एकच वाचून कोर्टात गेलात तर दुसरा समोरून येईल.

नागरिकत्वाची प्रकरणं या प्रांतात फाळणीपासून आहेत. फाळणीनंतर कराचीला जाऊन पाकिस्तानी पासपोर्टवर परतलेली, आणि मग ‘आम्ही इथलेच’ म्हणणारी माणसं उत्तर प्रदेशच्या कोर्टांनी पन्नास-साठच्या दशकांत पुष्कळ पाहिली. त्यातलं रहमतुल्लाचं प्रकरण १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. एकेकाळच्या भारतीय नागरिकाने परकं नागरिकत्व घेतलं की नाही, हे ठरवण्याचं काम नागरिकत्व कायद्याच्या कलम ९(२) खाली केंद्र सरकारचं. तो निर्णय होण्याआधीच खटला भरला म्हणून शिक्षा टिकली नाही. केवढा फरक पडतो पाहा, कुठल्या अधिकाऱ्याने आधी काय ठरवायला हवं होतं एवढ्या एका मुद्द्याने.

आजचा अशिल जन्मतारखेपासून तपासायला घ्या. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ दरम्यान भारतात जन्मलेला माणूस काही अपवाद वगळता जन्मानेच नागरिक. त्यानंतर २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्याचे आई किंवा वडील यांपैकी एकजण जन्मावेळी नागरिक असायला हवा. त्यापुढे दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणजे तरुण अशिलाचं नागरिकत्व त्याच्या आईच्या शाळेच्या दाखल्यावर येऊन ठेपतं. आधार कार्ड हे नागरिकत्वाचा पुरावा नाही, तसं आधार कायद्यातच लिहिलं आहे. मग गावातून परिवार रजिस्टरची नक्कल, खतौनी, जुनी मतदार यादी, शाळा सोडल्याचा दाखला अशी जुळवाजुळव सुरू होते. एका कागदावर ‘मो.’, दुसऱ्यावर ‘मोहम्मद’, तिसऱ्यावर नुसतं टोपणनाव. हे धागे जुळवायला कनिष्ठ कारकुनाची चिकाटी लागते, आणि ज्याला हे काम कमीपणाचं वाटतं त्याने ही शाखा घेऊ नये असं मी स्पष्टच म्हणेन.

बाहेर जाणाऱ्यांचं काम याहून जास्त आहे आणि त्यातच रोजची चूल पेटते. उत्तर प्रदेशातून आखातात जाणाऱ्या मजुरांचा ओघ मोठा आहे, आणि उत्प्रवासी संरक्षकाचं कार्यालय लखनौतही आहे. दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ नोंद असते. सौदी, अमिराती, कतार, कुवेत, मलेशिया अशा अठरा देशांत नोकरीसाठी जायला त्याला परवानगी लागते. परवाना असलेला भरती एजंट सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त घेऊ शकत नाही. प्रत्यक्षात गावातला उपएजंट लाख-दीड लाख रोख घेतो आणि पर्यटक व्हिसा हातात ठेवतो. अशी फिर्याद आली की पहिलं काम म्हणजे ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर एजंटाचा परवाना तपासणं. परवाना नसेल तर उत्प्रवास कायदा १९८३ आणि भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८, दोन्ही लावून घ्या. उत्प्रवास कायद्याखाली खटल्याला केंद्राची मंजुरी लागते आणि तिथे महिने जातात. नुसत्या त्या कायद्यावर बसलात तर एजंट तोवर दुसऱ्या जिल्ह्यात दुकान मांडतो. अशिलाने पैसे रोख दिले असतील तर कोणासमोर दिले, त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर काय बोलणं झालं, हे त्याच दिवशी लिहून घ्या. आणि माणूस अजून निघाला नसेल तर प्रवासी भारतीय बिमा योजनेचं प्रमाणपत्र मागा. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास दहा लाखांचं संरक्षण त्यात असतं, आणि कितीतरी कुटुंबांना ते असल्याचा पत्ताच नसतो. जानेवारी २०२४ मध्ये लखनौच्या अलीगंज आयटीआयमध्ये इस्रायलला जाणाऱ्या बांधकाम कामगारांच्या चाचण्या झाल्या तेव्हा रांगा लागल्या होत्या. इस्रायल त्या अठरा देशांत नाही. तेव्हा अशा ठिकाणी करार वाचून देणारा वकील एजंटाइतकाच गरजेचा आहे.

परदेशात कुणी तुरुंगात पडला तर वकिलाच्या हाती पहिलं साधन व्हिएन्ना कराराचं कलम ३६, म्हणजे आपल्या वकिलातीला भेटण्याचा हक्क. कुलभूषण जाधव प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक मतांनी पाकिस्तानने हाच हक्क मोडल्याचं ठरवलं. भारताची बाजू नागपूरच्या घराण्यातले हरीश साळवे यांनी मांडली. हेगचं झगमगतं प्रकरण आणि उन्नावच्या सुताराचं रियाधमधलं प्रकरण यांचा पाया एकच. सुतारासाठी तुम्ही ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार टाकाल, दूतावासाला पत्र लिहाल, आणि हालचाल झाली नाही तर उच्च न्यायालयात रिट कराल.

पासपोर्टचं काम रटाळ वाटेल, पण सोडू नका. फौजदारी खटला प्रलंबित आहे म्हणून पासपोर्ट नाकारतात, तेव्हा पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(फ) आणि २५ ऑगस्ट १९९३ ची अधिसूचना हे दोन कागद पुरतात: खटला चालवणाऱ्या न्यायालयाची परवानगी आणली की मर्यादित मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो. भांडणातल्या किरकोळ गुन्ह्यामुळे दुबईची नोकरी हातची जाणाऱ्या मुलाला या एका अर्जाचं मोल किती, हे तोच जाणे.

पोलीस ठाणं, जामीन आणि त्यानंतरचा महिना

लखनौला राजकीय खटल्यांचा वारसा आहे. आज हजरतगंजात जिथे मुख्य टपाल कार्यालय आहे, त्या इमारतीत काकोरी खटला चालला. आरोपींत चिखलीचे, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातले रामकृष्ण खत्री होते. त्यांना दहा वर्षांची सक्तमजुरी झाली, आणि पुढे त्यांनी लखनौलाच घर केलं. सरकारी बाजू मांडणारे होते जगत नारायण मुल्ला. त्यांचे चिरंजीव आनंद नारायण मुल्ला उर्दूचे मोठे शायर आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, आणि पोलिसांवर त्यांनी निकालात ओढलेले ताशेरे इतके जहाल होते की सर्वोच्च न्यायालयाने ते वगळायला लावले. बापलेकांची ही जोडी मला लखनौच्या स्वभावाचा उत्तम नमुना वाटते.

मानवी हक्कांच्या कामाचा खरा मुक्काम अटकेनंतरचे पहिले चोवीस तास. जोगिंदर कुमार हा गाझियाबादचा तरुण वकीलच १९९४ मध्ये पोलिसांनी डांबून ठेवला होता. त्या प्रकरणातून नातेवाइकाला कळवण्याचा आणि ठाण्याच्या डायरीत तशी नोंद होण्याचा नियम आला. आज अटकेची कारणं लेखी मिळाली का, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे नेलं का, अंगावरच्या जखमांची वैद्यकीय नोंद झाली का, हे तीन प्रश्न विचारणारा वकील ठाण्याच्या दारात उभा असणं याहून मोठं मानवी हक्कांचं काम नाही. भाषण नंतर.

जामीन मंजूर झाला म्हणजे काम संपलं असं नवखे समजतात. पत्रकार सिद्दीक कप्पन यांना सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि डिसेंबरमध्ये दुसऱ्या प्रकरणात लखनौ खंडपीठाने जामीन दिला. ते लखनौच्या तुरुंगातून बाहेर आले २ फेब्रुवारी २०२३ ला. मधला काळ जामीनदार मिळवण्यात आणि त्यांच्या पडताळणीत गेला. लखनौ विद्यापीठाच्या माजी कुलगुरू रूपरेखा वर्मा जामीनदार राहिल्या. परप्रांतीय किंवा परदेशी अशिलाला स्थानिक जामीनदार कुठून मिळणार? म्हणून अर्ज करतानाच रोख जातमुचलक्याची पर्यायी मागणी करून ठेवा. ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार महिनाभरात जामीनपत्र भरता आलं नाही तर न्यायालय अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. तो आदेश नेहमी फाइलीत असू द्या.

कोणत्या दारावर थाप मारायची हेही शिकावं लागतं. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरोधी आंदोलकांची छायाचित्रं आणि पत्ते असलेले फलक मार्च २०२० मध्ये लखनौच्या चौकांत लागले. अलाहाबादच्या मुख्य पीठाने रविवारी स्वतःहून सुनावणी घेऊन दुसऱ्या दिवशी, ९ मार्चला, खासगीपणाच्या हक्काखाली ते काढायला सांगितले. कायद्याला धरून असलेलं धाडसी पाऊल होतं ते. पण रोजच्या प्रकरणात असं घडेल या आशेवर राहू नका. कारण जिथे घडलं त्या पीठापुढे, योग्य प्राधिकरणाला प्रतिवादी करून, आधी लेखी निवेदन देऊन मग रिट करा. कोर्टाची पायरी चढणं जमत नसेल तर मानवी हक्क आयोग आहे. तक्रारीला शुल्क नाही, घटनेपासून वर्षाच्या आत ती करावी लागते, आणि राष्ट्रीय आयोगाकडे ती मराठीतही लिहिता येते. आयोग शिफारस करतो, अंमलबजावणीची ताकद त्याच्याकडे तोकडी आहे. तरीही त्याने मागवलेला पोलीस अहवाल पुढे रिटमध्ये कामाला येतो.

स्त्रियांच्या प्रकरणांत लखनौची ‘आली’ ही १९९८ पासूनची संस्था नव्या वकिलांना पाहण्यासारखी आहे. लखनौच्याच लता सिंहच्या आंतरजातीय विवाहाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००६ च्या निकालाने सज्ञान जोडप्यांच्या संरक्षणाचा पाया घातला. त्या निकालाचा आधार घेऊन आजही उच्च न्यायालयात जोडपी येतात, आणि नवोदिताच्या हाती बहुधा पहिली अशीच याचिका पडते.

पैशाचं काय

सुरुवातीला हाल आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरांना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलं. ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. पासपोर्ट, व्हिसा, परदेशी विवाहनोंदणी यांची कामं फी देतात. कस्टडीतला माणूस बहुधा देत नाही. पहिल्यावर दुसरं चालवायचं, असाच हिशोब ठेवावा लागतो. फी ठरवायला लाजू नका आणि पावती द्या. फुकट काम घेतलंत तर तेही पहिल्या दिवशी सांगा, म्हणजे अशिलाच्या घरचे शेळी विकून पैसे आणणार नाहीत. छळाच्या हकिगती ऐकून झोप उडते, ते दुबळेपण नव्हे. प्रकरण सहकाऱ्याबरोबर वाटून घ्या, पण अशिलाचं गुपित चहाच्या टपरीवर नको. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२ अशिलाचं बोलणं गुप्त ठेवण्याचं बंधन तुमच्यावर घालतं.

इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर व्हायचंच असेल तर मार्ग खुला आहे. भारतीय वकिलाला तिथल्या बार स्टँडर्ड्स बोर्डाकडे अर्ज करून ते सांगतील त्या परीक्षा द्याव्या लागतात. खरी चिंचोळी जागा आहे प्युपिलेज, म्हणजे चेंबरमधली उमेदवारी, आणि इमिग्रेशनच्या चेंबर्समध्ये सरकारी मदतीवर चालणारी प्रकरणं जास्त असल्याने पैसाही बेताचा. कर्ज काढून एलएलएम करण्याआधी दोन वर्षं इथे काम करा, असं मी सांगेन. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. त्यांना वकिलीचा हक्क दिला तो १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने, लंडनच्या इनने त्यांना बॅरिस्टर करण्याच्या आधी. तोवर जनानखान्यातल्या विधवांची वारसाहक्काची कामं करण्यात त्यांची अनेक वर्षं गेली होती.

आता सनद हातात पडल्यावर काय करायचं ते सांगतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर यायला तीन वर्षांची वकिली लागते, पण २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झालेल्या ‘लीगल एड डिफेन्स काउन्सिल’ योजनेत सहाय्यक पदासाठी अगदी नव्या वकिलाचाही अर्ज चालतो. मानधन ठरलेलं असतं, खासगी प्रकरणं घेता येत नाहीत, आणि रोज रिमांड, जामीन, उलटतपासणी करावी लागते. लखनौ असो की लातूर, तुमच्या जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर जाहिरात कधी येते त्यावर लक्ष ठेवा आणि आली की अर्ज करा.